बेसिनवरची फळी

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजही केक वॉशिंग मशीनवर! मी क्रीम लावत होते आणि सासूबाईंनी मशीन सुरू केलं. केक थरथरत कडेपर्यंत सरकला. "अगं, मला काय माहीत तू वर काय मांडलंयस!" बरोबरच होतं त्यांचं, म्हणून जास्त चिडचिड झाली.

ओटा तो केवढा! एका टोकाला शेगडी, मध्ये मिक्सर, उरलेली सगळी जागा सिंकने खाल्लेली. त्यावर फळी टाकली की झालं. दिवसभर त्यात असतं काय? एक कप, एक चमचा.

खालच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोप समारंभाचा दोन मजली केक रविवारी, सोळा तारखेला. पहिली मोठी ऑर्डर. अख्खी शाळा खाणार. नाव होईल, नाहीतर जाईल.

बुधवार, ५

सुतारकाकांना फोन केला. बेसिनवर चपखल बसेल अशी फळी हवी. मी बाहेर आहे, आई घरी आहेत, माप घेऊन जा.

शनिवार, ८

फळी आली. गोल! आमचं सिंक चौकोनी!

काकांनी बाहेरच्या, हात धुवायच्या बेसिनचं माप घेतलं. "ताई, तुम्हीच बेसिन म्हणालात. आजींनी हे दाखवलं."

आईंना विचारलं, तर म्हणे, "बेसिन म्हणजे बेसिनच ना? आतलं ते सिंक." एरवी जन्मभर आतल्यालाच बेसिन म्हणतात!

नवरा पोट धरून हसला. "पाय लाव तिला, स्टूल होईल." मी ती कपाटामागे सरकवली आणि काकांना आतल्या सिंकचं माप सांगितलं.

सोमवार, १०

चौकोनी फळी आली. बसली! केकचे दोन्ही थर शेजारी शेजारी मावतात. उगाचच दोनदा ओटा पुसला.

मंगळवार, ११

सकाळी बघते तर फळी भिंतीला टेकवलेली, गरम पाण्याचा नळ सोडलेला, आणि आई एक कप धुताहेत. एकच कप! किती वेळ! गीझर रिकामा.

"आई, ठेवा तो, मी घासते."

"राहू दे गं. एवढंसं तर आहे."

बुधवार, १२

पुन्हा तेच. फळीवर क्रीमची भांडी मांडली होती, ती सगळी उचलून तापलेल्या शेगडीवर! क्रीम वितळलं.

"बाहेरच्या बेसिनवर धुवा ना कप! तिथे कोण अडवतंय?" आवाज चढलाच माझा.

"बरं," म्हणाल्या. नुसतं बरं.

संध्याकाळी नवरा म्हणतो, "एका कपावरून भांडताय?" म्हटलं, "कपाने नाही, तुझ्या आईने जीव नकोसा केलाय!" मग जीभ चावली. दार उघडंच होतं.

शुक्रवार, १४

फळी जागची हलली नाही. जिंकले!

साखरेची फुलं झाली. आईंच्या हातून चहाचा कप फुटला. "निसटला," म्हणाल्या. केसही विंचरलेले नव्हते. विचारायला हवं होतं, पण फुलं वाळत होती.

शनिवार, १५

सकाळी आई बाहेरच्या बेसिनपाशी उभ्या. नळ सुरू, दोन्ही हात पाण्याखाली, ओठ घट्ट मिटलेले. हातात कप नव्हताच. तिथे गार पाणीच येतं, गरम फक्त आत.

मी नळ बंद केला. बोटं आखडलेली. मूठ वळेना.

"कधीपासून, आई?"

"थंडीत होतं गं. गरम पाण्याखाली धरली की सुटतात. कप धुताना कुणी विचारत नाही." मग हळूच, "सुताराला मी मुद्दाम बाहेरचं दाखवलं. रागावू नकोस."

रागवायला तोंड कुठे होतं मला?

रविवार, १६

चौकोनी फळी काढून भिंतीला टेकवली. गोल फळी बाहेरच्या बेसिनवर चपखल बसली. केक तिथेच उभा राहिला. हात धुवायला आज सगळे आत, आईंचं आटपल्यावर.