धाकटीच्या दोन खुर्च्या

३ फेब्रुवारी

"वरच्या वस्तीतल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! बादल्या घेऊन उतारावरच्या नळापाशी ताटकळणाऱ्यांनो! पाइप तुमच्या दारापर्यंत आला, पण पाणी अर्ध्या चढावर दमून परत फिरतं! ते दमतं, की त्याला दमवलं जातं?"

काय सुरुवात होती! सकाळी आरशासमोर म्हटलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. संध्याकाळी चौकात म्हटलं आणि पहिल्या रांगेतली एक बाई हात वर करून विचारते, "बाई, धाकट्या बाई कधी येणारेत?"

धाकट्या बाई! म्हणजे माझी जाऊ. औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापत बसणारी. दोन वर्षांपूर्वी निवडणुकीला उभी राहिली तेव्हा माइक हातात धरला की घाबरून जायची. स्वयंपाकघरात लाटणं हातात देऊन मी तिला उभं केलं. म्हटलं, हा माइक समज, बोल. नगरपालिकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली ती माझ्यामुळे. आणि मागच्या महिन्यात पाणी मंडळाची अध्यक्षही झाली. एक बाई, दोन खुर्च्या!

भाषण पूर्ण केलं. टाळ्या पडल्या. पण त्या बाईनं वाजवल्या नाहीत, मी बघत होते.

४ फेब्रुवारी

धाकटी आज वरच्या वस्तीत जाऊन आली. बोलली नाही म्हणे, नुसतं ऐकून घेतलं. त्याला टाळ्या पडल्या! ऐकण्याला!

१० फेब्रुवारी

आज पालिकेची सभा. विषय : बाजारामागची मोकळी जागा उंच टाकी बांधायला पाणी मंडळाला द्यावी की नाही. टाकी झाली तर वरच्या वस्तीला पाणी चढेल. मागणीच्या पत्राखाली सही कुणाची? मंडळाच्या अध्यक्षांची. म्हणजे धाकटीची. जागा द्यायची कुणी? पालिकेच्या सदस्यांनी. त्यातही धाकटी!

विषय पुकारल्याबरोबर ती उठली. "माझं दोन्हीकडे पद आहे, मी या विषयात भाग घेत नाही," म्हणाली आणि बाहेर गेली. नियमाप्रमाणे. पदर सावरत, खुर्चीचा आवाजसुद्धा न करता. पालिकेचे अध्यक्ष कौतुकानं मान हलवत होते. मी वीस वर्षं सभागृहात बसते, माझ्या आत येण्याचं कुणी इतकं कौतुक केलं नाही.

मी बोलायला उभी राहिले. जागा द्यावी, पण असल्या दुहेरी पदामुळे उद्या काय काय होईल, हा माझा मुद्दा. रंगात आले होते. एक सदस्य फोन आला म्हणून बाहेर गेला. दुसरा चहाला. तिसऱ्यानं कारणही शोधलं नाही. टेबलावर हात आपटून वर बघितलं तर समोर अध्यक्ष, सचिव, एक झोपलेले ज्येष्ठ सदस्य आणि पंखा!

बाहेर गेले. सगळी सभा तिथं! धाकटी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी, भोवती घोळका. एकाच्या आईच्या रक्तदाबाची गोळी बदलायला सांगत होती. दुसरा म्हणत होता, "जागेचं आम्ही बघतो हो, तुम्ही काळजी करू नका." याला म्हणतात विषयात भाग न घेणं! सदस्य कमी पडले म्हणून विषय पुढच्या महिन्यावर गेला.

मला या प्रकाराची गंमत वाटते की राग येतो, ते ठरवता येत नाही. खरं सांगायचं तर त्या घोळक्याच्या मधे मला उभं राहायचं होतं.

११ फेब्रुवारी

सकाळी ओट्यापाशीच जुंपली.

"ताई, मी तर बाहेर गेले होते ना? मग चुकलं कुठं?"

"तू बाहेर गेलीस आणि सभा तुझ्यामागं बाहेर आली! मागणारा हात तुझा, देणारा हात तुझा. उद्या मंडळानं पालिकेला फसवलं तर तू कुणाच्या बाजूनं भांडशील?"

"मी कशाला फसवेन?"

"तू नाही फसवणार गं! तुझ्यानंतर जो बसेल तो? पदं माणसाच्या मापानं शिवत नाहीत!"

हे वाक्य मला आवडलं. तिला नाही. पीठ चाळता चाळता थांबली. "बरोबर असेल तुमचं. पण इतकी वर्षं पाणी वर चढलं नाही. माझ्या दोन खुर्च्यांनी चढत असेल तर चढू दे की. भाषणानं चढलं असतं तर वस्तीला एव्हाना पूर आला असता."

सासूबाई आतून ओरडल्या, "नळ सुरू आहे गं! आधी तो बंद करा, मग गावाच्या पाण्याचं बघा!"

धाकटी हसली. मीही हसले, पण दातांवर दात ठेवून.

पूर आला असता म्हणे! दिवसभर डोक्यात तेच. आणि वाक्य चांगलं होतं, हा त्यातला खरा त्रास. बोलायला शिकवलं कुणी?

१५ फेब्रुवारी

सत्ता एका हातात गोळा झाली की काय होतं, यावर मी कपाटभर वाचलंय. धाकटीनं गेल्या दहा वर्षांत औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदापलीकडे काही वाचलं असेल तर शपथ! तरी लोक विचारायला तिच्याकडे जातात. दुकानासमोरून मुद्दाम गेले. आत चार माणसं. एकाच्याही हातात औषधाची चिठ्ठी नव्हती.

१८ फेब्रुवारी

ठराव दिला. साधा, स्वच्छ : पालिकेचं सदस्यत्व आणि पाणी मंडळाचं पद एकाच व्यक्तीकडे नसावं; असेल त्यानं आठ दिवसांत एक सोडावं.

नवऱ्याला वाचून दाखवला. त्यानं चष्मा पुसला. "ठराव चांगलाय. तिची निवड व्हायच्या आधी आणला असतास तर आणखी चांगला दिसला असता."

"म्हणजे काय?"

"काही नाही. तेव्हा मंडळासाठी तुझंही नाव चाललं होतं, एवढंच."

चाललं होतं! मग काय झालं? मी निवडून आले असते तर पालिका सोडलीच असती.

सोडली असती. बहुतेक.

२५ फेब्रुवारी

ठरावासाठी बोलावलेल्या खास सभेत आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण आज झालं!

धाकटी आपणहून बाहेर गेली, विषय तिचाच होता. पण आज कुणी हललं नाही. प्रेक्षकांची बाकं भरलेली, वरच्या वस्तीतली माणसंही आलेली. मी म्हटलं, "प्रश्न एका बाईच्या चांगुलपणाचा नाही! चांगल्या माणसाच्या हातात दोन किल्ल्या दिल्या की वाईट माणसासाठी कुलूप उरत नाही!" झोपणारे ज्येष्ठ सदस्यसुद्धा आज जागे होते!

मतदानाआधी सचिवांनी नियमाप्रमाणे विचारलं, "या विषयात कुणा सदस्याचा वैयक्तिक हितसंबंध असल्यास त्यांनी आत्ता सांगावं." आणि माझ्याकडे बघितलं. जाऊ ना ती माझी, म्हणून असेल. मी उभी राहून ठणकावलं, "नाही! माझा संबंध आहे तो फक्त तत्त्वाशी!" बाकं टाळ्यांनी दणाणली. चौकातल्या त्या बाईनंसुद्धा वाजवल्या!

हात मोजले. ठराव एका मतानं मंजूर.

धाकटी आत आली. सचिवांनी निकाल वाचला. "बरं," एवढंच म्हणाली आणि जागेवर बसली. लोकांचे डोळे पुन्हा तिच्याकडे! जिंकले मी, आणि बघतात तिला!

२७ फेब्रुवारी

तिनं पाणी मंडळ सोडलं. मला वाटलं होतं पालिका सोडेल. खरं तर तीच आशा होती, शेजारची खुर्ची रिकामी होईल ही.

टाकीच्या जागेचा विषय बारगळला. मागायला मंडळाला अध्यक्षच नाही.

दुपारी पालिकेचे अध्यक्ष घरी आले. कपातला चहा ढवळत राहिले. "मंडळावर आता तुम्हीच यायला हवं. तोफ म्हणतात तुम्हाला लोक!"

"पण मग पालिका सोडावी लागेल."

"ठरावाचं काय हो! चार-सहा महिन्यांनी नवा आणू. तोवर तुम्ही प्रभारी. प्रभारी म्हणजे काही पद नव्हे."

मी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. "विचार करते," म्हणाले. आणि खरोखर विचार केला : मंडळाच्या दालनात टेबल खिडकीकडे वळवायचं, पाटीवर नाव ठळक अक्षरात, पहिली भेट वरच्या वस्तीला. तासभर मी फार सुखात होते.

२८ फेब्रुवारी

धाकटी कपडे वाळत घालत होती. मी चिमटे द्यायला उभी राहिले, का कोण जाणे.

"ताई, अध्यक्ष येऊन गेले ना? घ्या तुम्ही मंडळ. टाकीचं तेवढं अडू देऊ नका." मग चादर झटकत म्हणाली, "निवडीच्या वेळी तुमचंही नाव होतं, हे मला काल कळलं."

"आधी कळलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही. खोटं कशाला बोलू?"

हसूच आलं मला! ती मात्र हसली नाही.

"तुमचा ठराव बरोबर होता, ताई. मी घरी येताना विचार केला, मलाही पटला. फक्त सचिवांनी विचारलं तेव्हा तुम्ही 'नाही' का म्हणालात? बाहेर सगळं ऐकू येतं."

 चिमटे तिच्या हातात दिले आणि आत आले.

१ मार्च

सकाळी सचिवांच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, म्हणून इथंही लिहून ठेवते. ठराव आजही मला बरोबरच वाटतो, रस्त्यावर उभी राहून त्यासाठी बोलत राहीन. माझं एक मत गेलं की बरोबरी होते आणि बरोबरीत ठराव पडतो, हेही कळतं. धाकटी पुन्हा दोन्ही खुर्च्यांवर बसेल आणि मी जळेन. जळू दे. ते पद मला हवं होतं, अजूनही हवंय. सचिवसाहेब, माझा हितसंबंध होता : माझं मत रद्द करा आणि मतदान पुन्हा घ्या.