'आजीची मांडी' आणि झाडाखालची माझी जागा

दोकसू, चष्मा कपाळावर आहे, खाली घे. मिग्योंग, चुलीवर काही ठेवून आली असशील तर आधी बंद करून ये, मग ऐक. आपल्या घराण्याला विसरायचा रोग आहे, तुमच्या वडिलांकडून आलेला. मला लिहिता येत नाही, म्हणून माझ्या सगळं लक्षात राहतं. तुम्ही शिकलेले, तुमच्यासाठी कागद करावा लागतो.

मी, ग्वाक मालनाम, वय वर्षे त्र्याऐंशी, कैलासवासी यून छिलबोक यांची पत्नी, राहणार नुतीगोल, नगरपंचायत हेर्योंग, या कागदाने जाहीर करते की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे तेवढे नाहीत. हे मला कोणी धाक घालून किंवा गोड बोलून सांगायला लावलेलं नाही. ज्यांनी दोन्ही करून पाहिलं, त्यांना आज घरात घेतलेलं नाही. मी बोलते आहे आणि नोटरी प्यो जीह्ये बाई लिहिताहेत. त्या मधूनमधून थांबून म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात येत नाही." मी म्हणते, "बाई, मरायचंय कोणाला, तुम्हाला की मला?" मग लिहितात. गुणाची मुलगी आहे.

मालनाम या नावाचा अर्थ 'मुली आता पुरे, पुढचा मुलगा'. माझ्या पाठीवर आणखी दोघी बहिणी झाल्या. कागदावर लिहिलेलं खरं होतंच असं नाही, हे मी पाळण्यापासून जाणते.

कलम १. राहतं घर, अंगण, परसातले लोणच्याचे रांजण भरलेले असतील तसे, हे सगळं माझी मुलगी यून मिग्योंग हिला. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तिने मला पुसानला नेलं, महिनाभर माझी पाठ चोळून आंघोळ घातली. दोकसूचं स्वतःचं दुमजली घर आहे. त्याच्या न्हाणीघरात मी एकदाच गेले होते, नळ कुठून सुटतो ते कळलं नाही, कोरडीच बाहेर आले.

कलम २. डोंगराकडची पर्सिमनच्या फळांची बाग माझा मुलगा यून दोकसू याला. कायद्याने त्याचा जेवढा हक्क आहे त्याहून हे कमी नाही, असं प्यो बाईंनी तपासून सांगितलं आहे. मी रागावले आहे, लबाड नाही. बागेबरोबर वडिलांचं वर्षश्राद्धही त्याच्याकडे. गेल्या वर्षी श्राद्धाचा दिवस तो विसरला, कारण त्या दिवशी त्याच्या समितीची बैठक होती. पुढे बैठक आणि बाप एकाच दिवशी आले तर बैठकीला सांगावं की बाप एकच होता.

कलम ३. सोलायची सुरी आणि खुरपं मिग्योंगला. भाताचा मोठा कुकर माझ्या सुनेला. तिने मला आयुष्यभर सहन केलं, मी तिला केलं, फिटंफाट. पत्त्यांचा कॅट माझी मैत्रीण गोसोंगवाली हिला. तिच्याकडे गेला तर निदान ती स्वतःच्याच पत्त्यांनी लबाडी करेल. सहकारी बँकेत आहे ते आधी माझ्या क्रियाकर्माला, मग कलम ५ मधल्या कामाला, उरलं तर मिग्योंगला.

कलम ४. आता खरी गोष्ट. गावच्या मधोमध नुतीचं म्हातारं झाड आहे. झाड गावचं. पण त्याची दुपारची सावली जिथे पडते तो तुकडा माझा आहे, यजमानांच्या मागे माझ्या नावावर झालेला. चटईएवढी जागा, पण या कागदात सगळ्यांत मोठी तीच.

नदीवर पूल झाला आणि होडी बेकार झाली, तेव्हा यजमानांनी दोन घागरी तांदळाच्या दारूवर तिच्या फळ्या उचलल्या आणि झाडाखाली ओटा केला. रुंद, ठेंगणा, चढायला म्हातारीलाही सोपा. दारू त्यांनी आयुष्यात फार फुकट घालवली, त्या दोन घागरी तेवढ्या सत्कारणी लागल्या. त्या ओट्यावर आम्ही बायकांनी मिरच्या वाळवल्या, पर्सिमन सोलले, पोरं निजवली, सुनांच्या आणि सासवांच्या कागाळ्या केल्या. शेवटच्या उन्हाळ्यात यजमान त्यावरच पडून असायचे. ही हादोंगवाली, ती गोसोंगवाली, मी नामहेवाली. माहेरच्या गावावरून हाका मारायची इथे रीत. आमची खरी नावं एकमेकींनाही धड आठवत नव्हती, पण ओट्यावर कोणाची जागा कुठली ते आंधळीनेही सांगितलं असतं.

माझा मुलगा दोकसू गावच्या रहिवासी समितीचा अध्यक्ष आहे. गेल्या वर्षी नगरपंचायतीत टूम निघाली की गावोगाव कलाकृती बसवायच्या. शेजारच्या गावाने भला मोठा लसूण उभा केला होता, म्हणून आमच्यांना झोप येईना. समाजमंदिरात सभा भरली. दोकसूने माईक तोंडाशी धरला आणि विचारलं, "गावातल्या आज्यांना विसाव्यासाठी नवी, सुंदर जागा हवी की नको? हवी असेल त्यांनी हात वर करा."

हादोंगवालीला ऐकू कमी येतं. तिने मला कोपर मारलं, "काय वाटतायत गं?"

"जागा," मी म्हटलं.

"मग दोन्ही हात वर कर!"

केले आम्ही. सगळ्यांनी केले. प्रस्ताव एकमताने मंजूर. ओटा काढायचा का, हे कोणी विचारलं नाही. प्यो बाई, हे ठळक लिहा. ओटा काढायचा का, हे कोणी विचारलं नाही.

मग मी गुडघ्यासाठी पुसानला गेले. परत आले तेव्हा आमच्या गावच्या बसचा चालक मा ग्वांगहो याने गाडी थांबवली, पण दार उघडेना. म्हणाला, "आजी, उतरायच्या आधी सांगतो. ओटा नाही."

"नाही म्हणजे? दुरुस्तीला नेलाय का?"

"तोडून कचऱ्याच्या गाडीत घातला."

ओट्याच्या जागी एक चकचकीत पोलादी मांडी होती. गुडघे जुळवून बसलेल्या बाईची मांडी, लुगड्याच्या घोळासकट. वर धड नाही, डोकं नाही. बिनडोक्याची आजी त्यांना फार आवडली असणार. हात वर करायला सांगितले की करते, आणि नंतर काही विचारत नाही.

उन्हाळा होता. गुडघे दुखत होते. मांडी दिसली, मी बसले. तव्यावर बसल्यासारखा चटका बसला, तरी उठले नाही. मनात म्हटलं, आमच्या विसाव्यासाठी केलंय म्हणतात, तर विसावतेच. हादोंगवालीने शेजारी मिरच्या पसरल्या. तेवढ्यात गाडीतून दोकसू उतरला, बरोबर जिल्ह्याहून आलेले पाहुणे, बक्षीस कोणत्या गावाला द्यायचं ते ठरवणारे. त्यांच्यासमोर माझा मुलगा ओरडला, "आई, ऊठ! पाटी वाचता येत नाही का?"

पाटीवर लिहिलं होतं: 'आजीची मांडी. कलाकृतीवर बसू नये.' हे मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं.

मला वाचता येत नाही, दोकसू. तुला माहीत होतं, तू विसरलास. ऑपरेशन मी विसरेन, चटका विसरेन, ओटासुद्धा एखाद वेळी विसरेन. हे विसरणार नाही. मला हसणारे पुष्कळ भेटले, बँकेत, दवाखान्यात, निवडणुकीच्या रांगेत. त्यांच्यात तू नव्हतास.

एरवी काही ऐकू न येणाऱ्या हादोंगवालीला ते वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं. ती म्हणाली, "अरे मेल्या, तुझ्या वह्या-पुस्तकांसाठी ही बाजारात पर्सिमन विकत उभी होती. वाचायला कधी शिकणार होती? तुझ्या बारशाला की लग्नाला?"

पाहुण्यांनी मिरच्यांचा फोटो काढला. त्यांना वाटलं, त्याही कलाकृतीचाच भाग आहेत.

पुढे मोजणी झाली आणि नगरपंचायतीला कळलं की मांडी माझ्या जमिनीवर बसली आहे. आईची ती आपलीच, असं समजून दोकसूने परस्पर होकार दिला होता. तेव्हापासून तो शाईचा डबा घेऊन येतो. "आई, फक्त अंगठा. जागा गावाला दान केल्याचा. तुझं नाव पाटीवर येईल."

मी विचारलं, "त्या पाटीवर? म्हणजे मला पुन्हा वाचता येणार नाही असं?"

तो खोकतो, शाईचा डबा खिशात घालतो. मी गेले की तुकडा वारसाने त्याच्याकडे येईल, मग काम सोपं, हे तो बोलत नाही. पण त्याच्या बुटांच्या आवाजावरून मला कळतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

तर लिहा: नुतीच्या झाडाखालचा तो तुकडा मी दोकसूला देत नाही. मिग्योंगलाही देत नाही, तिला भावाची भीड पडेल. तो मी नुतीगोलच्या वृद्ध महिला मंडळाला देते. हादोंगवालीच्या एकटीच्या नावावर करणार होते, पण प्यो बाई म्हणाल्या की तिच्या मागे तो तिच्या सोल शहरातल्या मुलाकडे जाईल, आणि तो मुलगा पार्किंग करेल.

कलम ५. मंडळाने त्या जागेवर लाकडी ओटा बांधावा. रुंद, ठेंगणा. पोलाद नको, रंग नको, पाटी नको. पोलादी मांडी माझी नाही, त्यामुळे ती मी कोणाला देऊ शकत नाही. पण तिच्या बुडाखालची जमीन माझी आहे. ज्याची असेल त्याने माझ्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या आत उचलून न्यावी. नगरपंचायतीला ठेवायला जागा नसेल तर समितीच्या अध्यक्षांचं अंगण मोठं आहे.

नव्या ओट्याला लावायला जुन्या ओट्याची एक फळी उरली आहे. कचऱ्याची गाडी निघाली तेव्हा हादोंगवाली तिच्या मागे धावली आणि हाताला लागली ती फळी ओढून घेतली. इतके महिने ती तिच्या खुराड्याचं दार होती. मी पाहायला गेले, कोंबडीची घाण पुसली, आणि बोटाला खाचा लागल्या.

दोकसू, तुला आठवत नसेल. तू दुसरीत होतास. गालात भाताची खरवड, हातात खिळा. वडील मारतील म्हणून मी ओरडत होते आणि तू ओट्यावर कोरत होतास. मग माझं बोट धरून त्या खाचांवरून फिरवलंस. म्हणालास, "आई, हे तू. मालनाम. आता इथे तुझी जागा. दुसरं कोणी बसणार नाही."

मला येतात ती तेवढीच अक्षरं. डोळ्यांनी नाही, बोटाने.

ती फळी नव्या ओट्यात झाडाकडच्या कडेला, खाचा वर करून बसवावी. रंधा मारू नये. त्या जागेवर कोणीही बसावं.

कलम ६. मांडी घडवणारी मुलगी, तेगू शहरातली चे युनसोल, हिला माझं जाड लोकरीचं लुगडं. तिच्यावर माझा राग होता. मागच्या वसंतात ती आमच्या ओट्यावर येऊन बसायची, एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीही. म्हणजे ती मांडी माझीच, आणि मलाच तिच्यावर बसायची बंदी! या शरदात ती आली, पाटी वाचली आणि तिथेच मातीत फतकल मारून बसली. "आजी, मी लाकडाची केली होती. बसायला. समितीने म्हटलं, पोलाद हवं, वरून काढलेल्या फोटोत चमकलं पाहिजे." मी विचारलं, "मग तू भांडली नाहीस?" म्हणाली, "भांडले. त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं." तिला राग नीट करता येत नाही, शिकेल. ओटा बांधायला तिलाच बोलवावं आणि तिची मजुरी माझ्या पैशांतून द्यावी.

कलम ७. माझ्या नावाने गावात पुतळा, बाक, कारंजं किंवा भला मोठा पर्सिमन उभारू नये. यापुढे सभेत कोणी "नवं हवं का?" असं विचारलं, तर बायकांनी हात मांडीखाली दाबून धरावेत आणि आधी विचारावं, "जुनं कुठे नेणार?"

वरील सगळं प्यो बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'फतकल' शब्द त्या गाळणार होत्या, मी पकडलं. मी सांगितलं तसंच आहे म्हणून हा माझ्या उजव्या हाताचा अंगठा. दोकसू, बघून ठेव, उठतो की नाही छान.

साक्षीदार: बे जोंगसुक, केस कापण्याचं दुकान, नुतीगोल (सही). मा ग्वांगहो, बसचालक (सही). हादोंगवालीला साक्ष द्यायची फार हौस होती, पण मंडळाला मिळणार आणि ती मंडळात, म्हणून तिला दाराबाहेर बसवली आहे. दाराला कान लावून बसली आहे, काही उपयोग नाही.

लिहिणार: नोटरी प्यो जीह्ये (सही व शिक्का).
स्थळ: नुतीगोल. दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४, पर्सिमन सोलायचे दिवस.

जोड, मा ग्वांगहोची बस सुटायच्या आधी त्याच साक्षीदारांसमोर सांगितलेली, खाली पुन्हा सर्वांच्या सह्या आणि माझा अंगठा: माझ्या वर्षश्राद्धाला नगरपंचायतीच्या कचेरीत लाल चवळीची पेज पाठवावी, तिने भुतं पळतात, बघू कोण कोण खुर्ची सोडतं. माझ्या ताटात मात्र ती वाढू नये, नाहीतर मी दारातूनच परत जाईन. माझं ताट घरात मांडू नका, ओट्यावर मांडा. आणि दोकसूला भाताची खरवड पाठवा, तळाची, करपट, वाटीत घालून नाही, हातावर. तो ओट्यावर बसला असेल तर द्या. उभ्याने मागितली तर देऊ नका.