गाळणीतले गोळे

ट्रॅब्झॉन, १२ मार्च १९९१

प्रिय हिकमतदादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठते, खिडकीशी जाते, परत येते. आईचा गुडघा बरा आहे. तिची काळजी करू नकोस.

यंदाही जाळ्यात हम्सी मासळी मूठभर आणि बुळबुळीत गोळेच फार, असं तू म्हणालास. दादा, ते गोळे मी चार वर्षांपासून बघतेय. आमच्या संशोधन केंद्राची बोट काळ्या समुद्राचं पाणी गाळून आणते आणि त्यातलं प्लवक, म्हणजे हम्सीची पिल्लं खातात ते ठिपक्याएवढे जीव, मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. हे काचेसारखे गोळे गाळणीत अडकायचे. नमुने टिकवायच्या औषधात ठेवले तर विरघळून बाटली गढूळ करायचे. म्हणून मी ते चमच्याने काढून मोरीत टाकायची. नोंदसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझे आकडे एकदम कोसळले. बाटलीत प्लवक जवळजवळ उरलंच नव्हतं. तेव्हा एक गोळा ताजाच भिंगाखाली धरला. पोटात प्लवक होतंच, शिवाय हम्सीची अंडी! अमेरिकेकडून जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून हा प्राणी आलाय म्हणतात. इथे त्याला खाणारं कोणी नाही. आमच्या केंद्राच्या प्रमुख सेबाहतबाई म्हणाल्या, "आता लिहिलंस, तर आधी का नाही लिहिलं म्हणून विचारतील." मी गप्प बसले.

त्याच वर्षी हिवाळ्यात तू धक्क्यावर सगळ्यांदेखत तुझ्या नावेवरच्या जुन्या सोबत्यावर, शाकिरवर ओरडलास, "तुझ्या बारीक जाळ्याने समुद्र नासवलास! पिल्लंसुद्धा सोडली नाहीस. उतर माझ्या नावेतून!" जाळी तर आपल्या सगळ्यांचीच बारीक होती रे, तुझीसुद्धा. तुमचा डबा हातात घेऊन मी तिथेच उभी होते. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि माझं तोंड उघडलं नाही.

रविवारी होपाला जाऊन आले. शाकिर तिथे चहाच्या कारखान्यात पोती उचलतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू मोजायला चुकलीस, मेलाहत. पण हिकमत तर मला वीस वर्षं ओळखत होता ना?"

या गोळ्यांचा अहवाल माझ्या नावानिशी सोमवारी जातोय. मग सगळ्या किनाऱ्याला कळेल. त्याआधी तू होपाला शाकिरकडे जा, दादा. कारखान्याच्या फाटकाशी कुणालाही विचार. तुला मला जे बोलायचं असेल, ते परत आल्यावर बोल.

तुझीच, अजून उत्तराला घाबरणारी,
मेलाहत