अळणी भाकर

४ मार्च १९१७, शेख मुतलकचा तळ

पोचलो एकदाचा! सांडणी बसायच्या आतच बायकांनी आनंदाची किलकारी केली, पुरुषांनी हवेत बार काढले. असं स्वागत जिद्द्याच्या बाजारात इतकी वर्षं काढूनही कधी झालं नव्हतं. माझं स्कॉटिश नाव या लोकांच्या जिभेला वळत नाही. रुळांखाली सुरुंग लावतो म्हणून मी यांचा अबू फतील, म्हणजे वातवाला. मला ते नाव आवडतं.

शेख मुतलक मोठा गमत्या आहे. माझे बूट पाहून म्हणाला, यात पाणी भरलं तर दोन सांडण्यांची तहान भागेल. मी इथं कशासाठी आलोय ते त्याला सरळ सांगितलं. तुर्की मेजर शौकत. त्यानं मला तुरुंगात खांबाला बांधून चाबकानं सोललं आणि वर हसत होता. या महिन्यात तो आगगाडीनं दक्षिणेकडे येणार आहे. तो मला जिवंत हवा. बाकीची लूट तुमची. मुतलकनं मांडीवर थाप मारून रुकार दिला.

मग माझे पराक्रम ऐकवले. उडवलेले पूल, उलटलेली इंजिनं. तुर्की पलटणीला पाणी मिळू नये म्हणून गेल्या उन्हाळ्यात बीर नायफाची विहीर एका दणक्यात कशी बुजवली, तेही सांगितलं. मुतलकची म्हातारी आत्या वदहा कणीक मळत होती, तिचे हात थांबले. कुठली विहीर, म्हणून तिनं विचारलं. मी हसत, ऐटीत पुन्हा सांगितलं.

मग राखेतून काढलेली वाफाळती भाकर आली, पण अगदी अळणी! लढाईच्या दिवसांत बिचारे मीठ कुठून आणणार? मी हूं की चूं न करता खाल्ली.

९ मार्च

वदहाचं काही कळत नाही. मुतलकला ती ‘बाळा’ म्हणते, तळावरच्या लूत लागलेल्या कुत्र्यालाही ‘बाळा’ म्हणते. मला मात्र ‘ए वातवाल्या’. आज मी लाडानं आई म्हटलं, तर फणकारली, तुझी आई मी नव्हे.

आज ती माझ्यासमोर येऊन बसली आणि कहव्याचा पेला न पिता तसाच ठेवला. याचा अर्थ मला नव्यानं शिकवायला नको. ज्याला काही मागायचं असतं, तो होकार मिळेपर्यंत पेल्याला ओठ लावत नाही. तिचा मुलगा धाहिर गेल्या वर्षी बायको-मुलींसह गेला, एवढं कानावर आलं होतं. तुर्कांनीच मारला असणार. सूड म्हणजे काय ते मलाही ठाऊक आहे, म्हणून तिची दया आली. म्हटलं, माग.

ती म्हणाली, मला बीर नायफाला ने. तिथं मी ‘बस’ म्हटलं की बसायचं आणि ‘ऊठ’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. म्हातारीची लहर! मी दाढीला हात लावून शपथ घेतली. तिनं पेला एका घोटात संपवला. मुतलक मात्र मान खाली घालून निखारे उकरत बसला.

१५ मार्च

तहान जात नाही. पाणी पितो ते पोटात पोचतच नाही असं वाटतं. भाकर रोज अळणी.

आज भर दुपारी वाटेत काही माणसं बसलेली दिसली. आसपास झाड नाही, खडक नाही, तरी सावलीत बसावं तशी. एक पुरुष, एक बाई, दोन लहान मुली. मांडीवर रिकाम्या पखाली. मी हाक मारली. माझ्या सोबत्यांना तिथं कोणीच दिसलं नाही.

मुतलक आधी हसला. म्हणाला, तहानेनं मेलेले दुपारी असे बसतात म्हणे, पण भिऊ नका रे, ज्याच्या पोटात एखाद्या घरचं मीठ आहे त्याला ते शिवत नाहीत. एवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं हसू तिथंच विरलं.

२१ मार्च

सापडला! सुरुंग असा बसला की इंजिन रुळावरून उडून आडवं झालं. शौकतला मी स्वतः डब्यातून ओढून काढला. मला ओळखून त्याचा चेहरा पांढरा पडला, तो बघून बारा महिन्यांची आग थंड झाली. नाही, थंड नाही झाली, आता तर खरी पेटली. चाबूक मी जपून ठेवलाय. त्याला बीर नायफाला न्यायचा आणि तिथंच त्याची सालटी काढायची. म्हातारीचंही मन निवेल, माझंही.

त्या मुली आज जवळ बसल्या होत्या. धाकटीचे ओठ फाटलेत.

२३ मार्च

वदहानं आज शौकतला भाकर दिली. देण्याआधी कमरेची थैली सोडली. चिमूटभर काहीतरी काढून भाकरीवर भुरभुरलं.

मीठ.

म्हणजे मीठ होतं. पहिल्या दिवसापासून होतं!

मी चाबूक घेऊन धावलो तर मुतलक आडवा आला. म्हणाला, त्यानं आमचं मीठ खाल्लंय, आता त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. तुझा सूड तुझ्याजवळ ठेव. मी ओरडलो, आणि मी? मी काय खाल्लं तुमच्याकडे?

वदहानं थैलीचं तोंड पुन्हा आवळलं.

थैली हिसकावली, मूठभर मीठ तोंडात कोंबलं. कोणी अडवलंही नाही. वाळू चघळावी तसं लागलं. वदहा शांतपणे म्हणाली, “चोरलेलं मीठ मीठ नसतं रे, वातवाल्या. ते हातानं द्यावं लागतं.”

२४ मार्च, बीर नायफा

विहिरीवर माझ्याच सुरुंगाचे दगड. दगडांभोवती वाळूत खड्डे, हातांनी उकरलेले. वदहानं एकेक दाखवला. तुर्की पलटण इकडे फिरकलीच नव्हती, दुसऱ्याच वाटेनं गेली. इथं आला होता तिचा धाहिर, बायको, दोन मुली, तहानलेली मेंढरं. नखं निघेपर्यंत उकरत होते, म्हणाली. हा खड्डा धाकटीचा.

मी पाया पडलो. मला ठाऊक नव्हतं म्हणालो. ती म्हणाली, पण सांगताना हसत होतास की.

मग म्हणाली, बस.

मी बसलो. का बसलो? पाय मागे वळलेच नाहीत. शपथ माझीच. मुतलकनं भरलेली पखाल शेजारी ठेवली, माझी बंदूक उचलली, माझी सांडणी सोडून घेतली. तुझ्या रक्तात आम्ही हात भरणार नाही, म्हणाला. शौकत जाताना वळून बघत होता. तो हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

‘ऊठ’ न म्हणताच ती गेली.

दुपार

चौघं आलेत. गोल करून बसलेत. बोलत नाहीत. पखाल माझ्या मांडीखाली आहे, देणार नाही—

दुपारच. सूर्य हलत नाही—

थोरलीनं हात पुढं केला. ओतलं. ओंजळ भरत नाही. ओततोय, ओततोय, वाळूही ओली होत नाही—

पखाल संपली. आता ते माझ्याकडे बघतायत. धाहिर हसतोय, मी त्या दिवशी हसलो तसा—

धाकटी उठली. तिच्या हातात भाकर आहे. ती मला देतेय. हातानं देतेय! देवा, हिला तरी दया आली. मीठ असेल. एवढ्याशा पोरीच्या मनात काय सूड असणार, मीठ असेलच—

घेतली. पहिला घास—

अळ