मिठात तो मरत नाही

सर, तुम्हाला जाऊन लय वर्षं झाली, पण डुकरांचा ताप म्हटलं की अजून तुमचाच आवाज कानात येतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. परभणीच्या कॉलेजात तुम्ही शिकवत होता, मी तुमच्या हाताखाली नवाकोरा जनावरांचा डॉक्टर. झरीच्या वस्तीत डुकरं पटापट मरायला लागली म्हणून आपण गेलो. मी मोठ्या रुबाबात डुकरांच्या खोपटात फिनेल ओतलं, तेही घाणीवरच. तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत. आधी घाण काढ, घाणीखाली या तापाचा विषाणू मजेत राहतो. मग गरम पाण्यातला कॉस्टिक सोडा, आणि मग आपलं ऊन. आपल्या वैशाखापुढं त्याची काय टाप! बरोबरच होतं तुमचं, पण राग यायचा तो आलाच.

तेवढ्यात एका बाईच्या दारात दोरीवर मांस दिसतं. आजारी डुक्कर कापून, मीठ चोळून तिनं वाळत घातलंय. माहेरी आलेली लेक दुपारी सेलूला सासरी निघायचीय, तिला मोकळ्या हातानं कसं धाडायचं? लेकीकडं दोन गाभण माद्या, त्यांच्यावरच तिचा संसार. मांस धुतलेलं पाणी तिकडं डुकरांनाच पाजतात, हे तुम्ही गोडीनं काढून घेतलंत. माणसाला या तापाचं काही होत नाही, पण त्या पाण्यातनं तो माद्यांना लागला असता, आणि डुक्कर यातनं वाचत नाही. मी म्हटलं, फेकून द्या. बाई बिथरली.

"मिठानं किडाबी मरतो साहेब, ह्यो कसा जगंल?"

तुम्ही तिच्याच बोलीत समजावलंत, "मिठात मांस टिकतं ना बाई? तसा तो बी टिकतो. उकळीत मातर मरतो. चूल पेटव, फेकायचं काय बी न्हाई."

आणि गळ्यात लिंगायताचं लिंग, घरात अंडंसुद्धा न येणारे तुम्ही, त्या चुलीपाशी बसलात. मांस आतपर्यंत शिजेस्तोवर हलला नाहीत. बाईच ओशाळली, वास सोसंल का म्हणाली. तुम्ही म्हणालात, "वास सोसतो. लेकीची दावण रिकामी झालेली न्हाई सोसायची." लेक शिजवलेलं मांस घेऊन गाडीत बसली.

महिन्याभरानं बाई कॉलेजात सांगायला आली, दोन्ही माद्या व्याल्या. तुम्ही एवढंच विचारलंत, पिलं दूध ओढतात का.

हे पत्र टाकणार नाही, टाकून पोचणार कुठं? पण सांगून टाकतो सर, त्या चुलीपाशी बसेपर्यंत तुम्ही मला अजिबात आवडत नव्हता.