टेकडीवरची तिर्झा

बास्कम्स फोर्ड, कॅन्सस
६ मार्च १९६१

चि. व्हर्ना हिस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, मी अजून आहे. धरणाचं मात्र पक्कं झालं. पुढच्या वर्षी आपलं सगळं खोरं पाण्याखाली जाणार. घर गेलं तर जाऊ दे, पण दफनभूमीही बुडणार. थडगी उकरून नव्या गावी नेणार आहेत म्हणे. ज्याच्यासाठी रक्ताचं माणूस सही करील त्याला नावानिशी जागा मिळेल. बाकीच्यांना एका रांगेत, नुसता आकडा लावून पुरणार.

माझी आई तिथे टेकडीवर आहे. मला जन्म देताना गेली, म्हणून तिचंच नाव मला ठेवलं. तिच्या दगडावर नुसतं नाव आहे, साल नाही. कळायला लागल्यापासून दर मे महिन्यात त्यावर फुलं वाहिली, लग्न होऊन विचिटाला होते तेव्हासुद्धा गाडी करून यायची. आणि आता कचेरीतला कारकून मला विचारतो, ती तुमची आई याला पुरावा काय? जिल्ह्याची दप्तरं तर १९०४ सालीच जळाली. मी त्याला सांगितलं की माझं नावच पुरावा आहे. तो म्हणाला की कागद लागतो.

तू ग्रंथालयातल्या नोकरीत बसून आपल्या घराण्याची मुळं खणतेस असं ऐकते. माझ्यासाठीही जरा खण. मला तिच्या शेजारी निजायचं आहे, दुसरी हाव उरलेली नाही.

पाय सुजतात, बाकी बरं आहे. म्हातारीवर आहे तेवढी माया राहू दे.

तुझी
तिर्झाआत्या


सेलम, ऑरेगॉन
१५ मार्च १९६१

ती. तिर्झाआत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, पण तू मला कुठल्या जाळ्यात ढकललंस याची तुला कल्पना नाही! टीटर, बास्कम आणि लॉकरिज ही तीन घरं तीन गाड्यांतून त्या खोऱ्यात उतरली, आणि पुढे तीस वर्षं आसपास चौथं घर नाही. मग काय, आपसातच सोयरिकी. माझे आजोबा जोसाया बास्कम यांनी तुझ्या वडिलांची बहीण केली. तुझ्या वडिलांनी आजोबांची बहीण केली, आणि ती गेल्यावर तिची धाकटी बहीण मलिंडा केली. तू मला आजोबांकडूनही आत्या आणि आजीकडूनही आत्या! त्यात नावांचा दुष्काळ. गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं, हा सगळ्यांचा रिवाज. माझ्या वंशावळीच्या तक्त्यात पाच एमॉस आणि चार तिर्झा आहेत. परवा मी एकाचं लग्न त्याच्याच पुतणीशी लावून बसले होते.

आजोबांचं बायबल आयडाहोला लॉकरिज मंडळींकडे आहे. त्यात आजोबा जन्ममृत्यू लिहीत. ती मंडळी ते टपालानं द्यायला तयार नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात रजा काढून स्वतः जाते.

एक विचारते. मलिंडाआजीची चौकट तक्त्यात रिकामीच आहे. ती कधी गेली, थडगं कुठे आहे, काही माहीत आहे का?

पाय उशीवर ठेवत जा. माझ्यावरचा लोभ आहे तसाच असावा.

तुझी
व्हर्ना


बास्कम्स फोर्ड
२ एप्रिल १९६१

चि. व्हर्ना हिस आशीर्वाद.

काम झालं! दोन जुन्या शेजाऱ्यांनी शपथेवर लिहून दिलं आणि कारकून नरमला. आईसाठी मी सही केली, तिच्या शेजारची जागा माझ्या नावे झाली. दहा तारखेला यादी बंद होते, पण आपल्याला आता फिकीर नाही.

तू मलिंडाचं विचारलंस म्हणून लिहिते. मी तीनचार वर्षांची असताना ही बाई गाठोडं घेऊन आमच्या दारात आली, ते मला पक्कं आठवतं. मला वाढवलं टीटर आजीनं, बाबांच्या आईनं. मलिंडाचं नाव निघालं की आजी ओठ आवळून घ्यायची, आणि आजीपुढे बाबा कधी तोंड उघडत नसत. मी चौदा वर्षांची असताना मलिंडानं माझ्यासाठी निळा झगा शिवला. तो अंगाला लावून पाहताना म्हणाली की मीच तुझी आई आहे. मी तिला सुनावलं की माझी आई टेकडीवर आहे, तू तिच्या जागेवर येऊन बसलेली बाई आहेस. झगा मी घातला नाही. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

ती १९११ च्या फेब्रुवारीत गेली. मी अंत्यविधीला आले नाही. दफनभूमीच्या खालच्या अंगाला कुठेतरी पुरली, लाकडी खूण होती, ती केव्हाच कुजली असेल. कारकुनानं विचारलं होतं की तुमच्या वडिलांच्या, एमॉस टीटरच्या, दुसऱ्या बायकोचं कोणी आहे का. मी सांगितलं की कोणी नाही. त्यानं तसं लिहून घेतलं.

आता तू आयडाहोला गेली नाहीस तरी चालेल, उगाच दगदग नको. लोभ वाढता ठेव.

तुझी
तिर्झाआत्या


सेलम
१३ एप्रिल १९६१

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे पोचायच्या आतच मी आयडाहोला निघाले होते. काल परतले तेव्हा ते दारात पडलेलं दिसलं. आत्या, आधी खुर्चीत बस. हे कसं लिहावं ते मला सुचत नाही.

बायबलात आजोबांच्या अक्षरात लिहिलं आहे: ऑक्टोबर १८८७, बहीण तिर्झा बाळंतपणात गेली, तिची मुलगीही तिच्याबरोबर गेली, दोघींना एकत्र पुरलं. पुढे, फेब्रुवारी १८८९, एमॉसचं मलिंडाशी लग्न. आणि त्याखाली, ३ डिसेंबर १८८९, एमॉस आणि मलिंडा यांना मुलगी झाली, मलिंडानं हट्टानं आपल्या बहिणीचं नाव ठेवलं, तिर्झा.

समासात आणखी चार ओळी आहेत. बाळंतपणानंतर मलिंडा खंगली, आजोबांनी तिला तीन वर्षं आपल्याकडे ठेवून घेतलं, मूल टीटर आजीकडे राहिलं. तू पाहिलंस ते तिचं परत येणं होतं. टीटर आजीनं तुला गेलेल्या नातीची गोष्ट तुझी म्हणून सांगितली. का सांगितली, ते आता कोण सांगणार?

मी धरणाच्या कचेरीत फोन लावला. यादी बंद झाली आहे, तुम्ही समक्ष येऊन बोला, एवढंच म्हणाले. तू जा. मला क्षमा कर.

तुझी
व्हर्ना


बास्कम्स फोर्ड
२१ एप्रिल १९६१

चि. व्हर्ना हिस आशीर्वाद.

क्षमा कसली मागतेस, कागद मीच मागितला होता.

तुझं पत्र घेऊन गेले. कारकून भला निघाला, त्यानं यादी बाजूला ठेवली आणि म्हणाला की बाई, कुठलं थडगं ते दाखवा, मी नाव घालतो. खालचं अंग सगळं उकरून झालं होतं. नव्या गावी नेऊन एकेचाळीस जणांना रांगेत पुरलं आहे. त्यानं मला तिथे नेलं. ती कुंपणाजवळ होती की ओढ्याकडे, एवढं सांगितलंत तरी शोधू, असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता. मला काय माहीत? पन्नास वर्षांत एकदा जरी तिकडे वाकून पाहिलं असतं तर सांगता आलं असतं. फुलं घेऊन मी तिच्यावरूनच वर जात असेन.

माझी जागा आता मावशीच्या शेजारी आहे. बदलायची तर कुणाच्या शेजारी मागू?

कारकुनाला मी गाडीत बसायला सांगितलं आणि रांगेपाशी एकटी उभी राहिले. मोठ्यानं आई म्हणून हाक मारली, जन्मात पहिल्यांदा. पण एकेचाळीस आकडे होते, व्हर्ना, कुणाकडे तोंड करून मारायची तेच कळेना.

लोभ असू दे. पत्र टाक.

तुझी
तिर्झाआत्या