चिठ्ठीत निघालेली क्रांती

पूर्णा, रवि. ५ नोव्हें. १९५०
अभ्यासमंडळ. आम्ही पाचजण. विषय : समाज घडी राखून टिकतो की मोडून घडतो. नेहमीसारख्या चिठ्ठ्या, निघेल तो पक्ष मांडायचा, मनात काही का असेना. मला क्रांती! शाळेची घंटा दोन मिनिटं चुकली तर मला जेवण जात नाही. आणि रेल्वेतला गणपत, आमच्यातला एकुलता एक खरा क्रांतिवाला, त्याला सुव्यवस्था. हसू दाबत बोलला, "समाज अंगावानी हाय. पायानं डोक्याची जागा मागितली तर चालायचं कुनी?" मी म्हटलं, पाय एकाचे आणि पोट दुसऱ्याचं, याला अंग म्हणत नाहीत. टाळ्या. फार गोड वाटलं.

गुरु. ९
हेडमास्तरांनी बोलावलं, दार लोटलं. माझं पायाचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पोलिसांकडून आलंय म्हणे. नोकरी कायम व्हायचा माझा कागद वर जायचा होता, तो टेबलावरच. कोणी सांगितलं? खोलीत पाचच होतो.

शनि. ११
गणपतच. पोलिसांची नजर त्याच्यावर; स्वतःला वाचवायला मला पुढे केलं असणार. आपलेच दात, आपलेच ओठ. स्टेशनवर गाठलं, आडून विचारलं. "मास्तर, तुमच्याकडं कोन बगायलंय? धरलं तर मलाच धरतेत." मग माझ्याकडेच टक लावून बघत राहिला. म्हणजे त्याला माझा संशय! चहा दोघांनीही अर्धा ठेवला.

सोम. १३
शेवटी हिला सांगितलं. ही म्हणते, "अवो, रविवारपासून तुमीच तर सांगत फिरायलाव ते वाक्य. न्हाव्याला सांगितलं, दूधवाल्याला बी."
खरं आहे. न्हाव्याकडे तर दोनदा.

मंगळ. १४
हेडमास्तरांनी वाट काढली. चिठ्ठ्यांचा प्रकार लेखी द्या; कोणाला काय निघालं, आणि मनातून कोण कुठल्या बाजूचा, नावानिशी. शुक्रवारपर्यंत. दिलं की माझा कागद पुढे. गणपत मात्र आत जाणार. एक अक्षरही खोटं लिहायचं नाही, त्याचीच भीती वाटते.
शाळा सुटल्यावर बसलो. माझं नाव लिहिलं, पुढे चिठ्ठीतली 'क्रांती', मनातली 'सुव्यवस्था'. खाली गणपतचं नाव. पुढची जागा...
तेवढ्यात तोच दारात. "रविवारी येताव ना मास्तर?"
हो म्हणालो. कागदावर हात ठेवला होता. तो हाताकडेच बघत होता.